जेम्सटाउनची उपासमार: कारणांचा ताळेबंद कसा मांडावा

व्हर्जिनियात जेम्स नदीच्या काठी इंग्रजांनी मे १६०७ मध्ये जेम्सटाउन वसवलं. १६०९-१०च्या हिवाळ्यात तिथल्या किल्ल्यातली बहुतेक माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. मे १६१० मध्ये मदत पोचली तेव्हा किल्ल्यात साठेक जण जिवंत होते. असं का झालं, असं विचारलं की ठरलेली यादी येते: पाऊस पडला नाही, लोक आळशी होते, स्थानिकांशी वैर, रोगराई, जहाज फुटलं. यादीत खोटं काही नाही. पण कोणत्या कारणानं नेमकं काय बंद पडलं, कोणत्या महिन्यात पडलं आणि त्याऐवजी दुसरी सोय होती का, हे तिच्यातून कळत नाही.

खाली दिलेली पद्धत आठवी-नववीच्या शिक्षकांसाठी, कॉलेजच्या इतिहास मंडळांसाठी आणि ठाणे-नवी मुंबईतल्या वाचन गटांसाठी आहे. दोन बैठका आणि खाडीकाठची अर्ध्या दिवसाची फेरी एवढ्यात ती होते. ती आपल्याकडे करण्यात एक फायदा आहे. जेम्सटाउन भरती-ओहोटीच्या नदीवर होतं, खारं आणि गोडं पाणी जिथं मिसळतं त्या पट्ट्यात. ठाण्याच्या पोरांना हे पाणी पुस्तकात शोधावं लागत नाही.

काय लागेल

चार्ट पेपर, तीन रंगांचे स्केचपेन, स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक किलो मक्याचं पीठ, पाव किलो जव, घरी आरओचं पाणी तपासायला वापरतात तो पेनासारखा टीडीएस मीटर, झाकणाच्या पारदर्शक बाटल्या, दोरी बांधलेली लहान बादली, रबरी हातमोजे. गट बारा ते वीस जणांचा ठेवा. त्याहून मोठा झाला की मोजायला चौघं बसतात आणि बाकीचे गप्पा मारतात.

चार्टवर आडवे महिने घ्या, जानेवारी १६०९ ते जून १६१०. उभ्या पाच ओळी: तोंडं, कोठार, देवघेव, नदी-जंगल, पाणी. पहिली ओळ खर्चाची. पुढच्या तीन जमेच्या. पाण्याची वेगळी ठेवायची, कारण खराब पाणी पोटात गेलेलं अन्नही अंगी लागू देत नाही. प्रत्येक नोंदीला तारीख हवीच. तारखेशिवायचं कारण चार्टवर घेऊ नका, बाजूच्या कागदावर थांबवून ठेवा.

तारखांतच पहिली चूक होते, तेव्हा हे आधी सांगून टाका. त्या काळी इंग्रज ज्युलियन पंचांग वापरत. ते आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागं होतं, आणि त्यांचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जुन्या कागदात ‘फेब्रुवारी १६०९’ दिसलं तर तो बहुतेक वेळा आपला फेब्रुवारी १६१० असतो. हे लक्षात न आल्यानं उपासमारीच्या ऐन महिन्यांतली नोंद एक वर्ष आधी जाऊन बसते आणि अख्खा चार्ट बिघडतो. दहा दिवसांचा फरक सोडून द्या, वर्षाचा मात्र सांभाळा. या लेखातल्या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत, वर्ष आजच्या हिशेबानं धरलं आहे.

पहिली ओळ: तोंडं मोजा

वसाहतीचा कारभार पाहणारा जॉन स्मिथ ऑक्टोबर १६०९ मध्ये जखमी होऊन इंग्लंडला परतला. पुढं त्यानं लिहिलं की तो निघाला तेव्हा वसाहतीत ४९०वर माणसं होती आणि सहा महिन्यांत साठ उरली. हे दोन आकडे वजा करून ‘सव्वाचारशे भुकेनं मेले’ असं लिहिणं सोपं आहे, आणि चूक आहे. ४९० हा आकडा सगळ्या वसाहतीचा आहे, साठ हा एका किल्ल्याचा.

मधली माणसं कुठं गेली ते एकेक करून वजा करा. फ्रान्सिस वेस्ट छत्तीसेक माणसं घेऊन धान्य आणायला गेला आणि परत आलाच नाही. गलबत घेऊन तो सरळ इंग्लंडला निघाला. रॅटक्लिफ पन्नास जणांना घेऊन देवघेवीला गेला, त्याला पोव्हाटन या स्थानिक प्रमुखाच्या लोकांनी ठार केलं आणि त्यातले सोळा परतले. नदीच्या वर धबधब्यापाशी आणि खाली नॅन्समंड लोकांच्या मुलखात ज्या तुकड्या पाठवल्या होत्या, त्यांतले बरेच लढाईत गेले. तीस-चाळीस जण नदीच्या मुखाशी पॉइंट कम्फर्टच्या गढीत होते. एवढं वळतं केलं की हिवाळ्यात किल्ल्यात कोंडलेल्यांची संख्या २४० ते ३०० येते. हिशेबाला ३०० धरा, मग तोच हिशेब २४०वर पुन्हा करा. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच निघाला तर तो भक्कम समजा.

याच ओळीवर लाल पेनानं ऑगस्ट १६०९ला खूण करा. जूनमध्ये इंग्लंडहून नऊ गलबतं सुमारे ५०० माणसं घेऊन निघाली होती. २४ जुलैला वादळानं ताफा फुटला. सी व्हेंचर हे मुख्य गलबत दीडशे माणसांसह बर्म्युडाच्या खडकांवर आदळलं, एक लहान नाव बुडाली, आणि उरलेली ऑगस्टपासून जेम्सटाउनला लागू लागली. त्यांच्यातली माणसं आजारी होती, शिधा समुद्राच्या पाण्यानं खराब झाला होता. मक्याची पेरणी वसंतात होते, म्हणजे आलेल्यांना स्वतःसाठी पेरायची संधीच उरली नव्हती. त्या साली तिथं तीस-चाळीस एकर जमीन फोडून लावली होती, आधी असलेल्या माणसांच्या हिशेबानं. काही आठवड्यांत तोंडं दुपटीहून जास्त झाली. आमच्या मते या चार्टवरची सगळ्यांत वजनदार खूण हीच आहे, आणि पाठ्यपुस्तकी यादीत नेमकी तीच नसते.

दुसरी ओळ: कोठार

इथं वजनकाटा लागेल. स्मिथनंतर जॉर्ज पर्सीकडं कारभार आला. त्यानं कॅप्टन टकरला कोठाराचा हिशेब करायला लावला. माणशी रोज अर्धा डबा पीठ दिलं तर तीन महिने पुरेल, असं उत्तर आलं. टकरनं काटकसरीनं ते चार महिने पुरवलं.

डब्याचं माप आपण गृहीत धरायचं. माणशी ५०० ग्रॅम मक्याचं पीठ घेऊन सुरुवात करा. त्यातून साधारण १८०० किलोकॅलरी मिळतात. पडून राहणाऱ्या माणसाला एवढं कसंबसं चालतं. थंडीत लाकूड फोडणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसाला तीन हजारांच्या आसपास लागतात.

आता गुणाकार. ३०० माणसं गुणिले अर्धा किलो म्हणजे रोज १५० किलो. नव्वद दिवसांचे १३,५०० किलो. वाशीच्या दाणा मार्केटात ५० किलोचं पोतं दिसतं, तशी २७० पोती. २४० माणसं धरली तर २१६ पोती. पोत्यांचा आकडा बदलला, तीन महिने मात्र तेच राहिले, कारण टकरचं उत्तर माणशी शिध्यावर काढलेलं होतं. जुन्या कागदांत धान्य बुशेलमध्ये मोजलेलं असतं. सोललेल्या मक्याचा एक बुशेल सुमारे २५ किलो भरतो, म्हणजे ३०० जणांना रोज सहा बुशेल. एखाद्या खेपेला ‘शंभर बुशेल आणले’ असं वाचलं की लगेच सहानं भागा. सोळा-सतरा दिवस. मोठ्या वाटणाऱ्या खेपा किती लवकर संपत ते तेव्हा समजतं.

तीनाचे चार महिने झाले याचं सगळं श्रेय काटकसरीला देऊ नका. साठा दोन प्रकारे लांबतो, शिधा कापून किंवा खाणारे कमी होऊन. पोरांना हे करून दाखवा. १३,५०० किलोतून साठ दिवसांत ९,००० गेले, उरले ४,५००. तोवर साठ माणसं मेली असतील तर रोजचा खर्च १२० किलोवर येतो आणि तीस दिवसांऐवजी साडेसदतीस दिवस निघतात. कोठार पुरलं याचा अर्थ माणसं जगली असा होत नाही.

ऑक्टोबर अखेरपासून चार महिने मोजले तर फेब्रुवारी अखेर येते. मदत आली २३ मेच्या सुमारास. मधले ८४ दिवस चार्टवर कोठाराच्या ओळीत कोरे सोडा, तिथं काही लिहू नका. घोडे, कुत्री, मांजरं, उंदीर, साप आणि जोड्यांचं कातडं खाल्ल्याच्या पर्सीच्या नोंदी या हिवाळ्याच्या आहेत, आणि त्यांतल्या प्राण्यांची कापलेली हाडं किल्ल्याच्या उत्खननात सापडली आहेत. विल्यम केल्सो यांनी १९९४ पासून हे उत्खनन केलं.

उंदरांसाठी वेगळी नोंद करा, ती १६०९च्या वसंतातली. गलबतांतून आलेल्या उंदरांची कोठारात पैदास झाली आणि पिंपांतला मका निम्मा कुजलेला, उरलेला उंदरांनी फस्त केलेला निघाला. मोठा उंदीर दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास धान्य खातो. हजार उंदीर म्हणजे रोज १५ किलो, तीस माणसांचा शिधा, आणि लेंड्या-मुतानं नासलं ते वेगळं. धान्य पिंपात भरून झाकून ठेवलं, पण ते ओलीपासून आणि उंदरांपासून वाचलं नाही. आपल्या कोकणातली कणगी जमिनीपासून उचलून, शेणानं लिंपून का ठेवतात ते इथं सांगता येईल.

शिधा डोळ्यांनी दाखवायचा असेल तर १६०७चा दाखवा. पहिल्याच उन्हाळ्यात पर्सीनं लिहिलं होतं की पाच माणसांना दिवसाला पाण्यात उकडलेल्या जवाचा एक लहान डबा मिळे. पाव किलो जव दीड लिटर पाण्यात कुकरला चार शिट्ट्या करून शिजवा आणि पाच पेल्यांत समान ओता. वर पातळ पांढरं पाणी, तळाशी फुगलेले दाणे. पेला हातात घेऊन आठवण करून द्या: सकाळ-संध्याकाळ मिळून एवढंच, आणि जव किडके होते. मुलांना उपाशी ठेवून ‘अनुभव’ देण्याचे प्रयोग करू नका. मोजमापानं जे कळायचं ते कळतं.

तिसरी ओळ: देवघेव

इंग्रज मक्यासाठी पोव्हाटनच्या प्रदेशावर अवलंबून होते. तीसच्या आसपास जमाती, प्रमुख वाहुनसेनाका, ज्याला इंग्रज पोव्हाटन म्हणत. बदल्यात तांबं, मणी, लोखंडी हत्यारं. या ओळीत दोन गोष्टी मांडायच्या, भाव आणि वाट.

भाव आधी पडला. गलबतांवरचे खलाशी स्वतःच्या फायद्यासाठी चोरून तांबं विकू लागले आणि पूर्वी औंसभर तांब्याला मिळणारा मका पुढं पौंडभर देऊनही मिळेना, अशी तक्रार स्मिथच्या बाजूच्या लोकांनी नोंदवली आहे. औंस ते पौंड म्हणजे सोळापट.

त्यात पावसाची भर. टक्कल सायप्रस या झाडांच्या वाढीच्या वलयांवरून डेव्हिड स्टाहले आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की १६०६ ते १६१२ हा त्या भागातला ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा काळ होता. हे वाचलं की गट ‘म्हणजे दुष्काळ पडला, मेले’ म्हणून मोकळा होतो. थांबवा. इंग्रजांची शेती मुळातच नगण्य होती, त्यामुळे कोरड्या वर्षांचा पहिला फटका पोव्हाटन लोकांच्या मक्याला बसला. त्यांचंच जेमतेम भागत असताना विकायला शिल्लक कुठून राहणार? इंग्रज मात्र दर खेपेला बंदुका घेऊन जास्त मागत होते, काही ठिकाणी लुटत होते, गावं जाळत होते. चार्टवर दुष्काळाचा बाण थेट मृत्यूकडं काढू नका. तो देवघेवीच्या ओळीकडं काढा, दुसरा पाण्याच्या ओळीकडं.

मग वाट बंद झाली. नोव्हेंबर १६०९ पासून पोव्हाटनच्या लोकांनी किल्ल्याला वेढा घातला. बाहेर पडला तो मारला जाई. नदीतल्या बेटावर सोडलेली डुकरंही त्यांनी मारून टाकली. स्मिथ पाच-सहाशे डुकरं मागं सोडल्याचं सांगतो. ती जमेच्या बाजूला लिहून ठेवणारे पुष्कळ असतात. खरं तर पाचर बसली नोव्हेंबरात: जनावर आहे, पण किल्ल्याबाहेर आहे.

चौथी ओळ: नदी आणि जंगल

ही ओळ पटकन होते, आणि तिच्यातच सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा आहे.

१६०९च्या वसंतात, पिंपांतला मका गेल्यावर, स्मिथनं माणसं पांगवली. साठ-ऐंशी जण खाली कालवांच्या पट्ट्यावर, वीसेक पॉइंट कम्फर्टला मासेमारीला, काही वर धबधब्याकडं. जगले. त्या नदीत स्टर्जन हा मोठा मासा वसंत-उन्हाळ्यात येतो, हिवाळ्यात त्याच्यावर भरवसा नाही. खाडीकाठच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, हंगाम आणि जाळं दोन्ही नसेल तर पाणी भरलेलं असूनही टोपली रिकामी राहते. तेव्हा ‘नदीत मासे होते, मग उपाशी का मेले’ या प्रश्नाला महिना विचारूनच उत्तर द्या.

आता पुरावा. मे १६१० मध्ये पर्सी पॉइंट कम्फर्टला पोचला तेव्हा तिथली माणसं धडधाकट होती. खेकडे इतके की डुकरांना घालत होते. पर्सीनं संतापून लिहिलं आहे की डुकरांना घातलेल्या त्या खेकड्यांनी आमच्यातल्या अनेकांचे जीव वाचले असते. तोच हिवाळा, तोच दुष्काळ, वसाहत चालवणारी तीच व्हर्जिनिया कंपनी, तीच नदी, फक्त मुखाशी. बर्म्युडावर अडकलेले सी व्हेंचरचे दीडशे जण तर रानडुकरं, कासवं आणि पक्षी खाऊन दोन नव्या नावा बांधत होते. या दोन नोंदी हिरव्या पेनानं जेम्सटाउनच्या कोऱ्या ८४ दिवसांच्या बरोबर वर लिहा. अन्न होतं, माणसं होती, दोघांना जोडणारा माणूस आणि नाव नव्हती.

ती का नव्हती, हे कारभाराचं कारण. १६०९च्या नव्या सनदेनं जुनं अध्यक्षपद रद्द केलं होतं, नवे अधिकारी टॉमस गेट्स आणि त्यांचे कागद सी व्हेंचरवर होते. कागद बर्म्युडात, माणसं जेम्सटाउनात, आणि जुन्यांची सत्ता कुणी मानेना. चार्टला सहावी ओळ न जोडता हे देवघेव आणि नदीच्या ओळींमधल्या जागेत लिहा, कारण परिणाम तिथं दिसतो: वेस्ट मका भरून पळाला तेव्हा त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

पाणी: खाडीवरची फेरी

जेम्सटाउनची जागा निवडताना जहाजं काठाला झाडांशी बांधता येतील एवढी खोली पाहिली आणि स्पॅनिश हल्ल्यापासूनचा आडोसा पाहिला. पिण्याच्या पाण्याची बाजू पडली. १६०७च्या उन्हाळ्यात पर्सीनं लिहिलं की नदीचं पाणी भरतीला फार खारट आणि ओहोटीला गाळ-घाणीनं भरलेलं असे. त्या वर्षी मागं राहिलेल्या १०४ जणांपैकी पुढच्या जानेवारीपर्यंत ३८ उरले. कार्व्हिल अर्ल या भूगोल-अभ्यासकानं १९७९ मध्ये विषमज्वर, हगवण आणि मिठाची बाधा ही या मृत्यूंची कारणं म्हणून मांडली: उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावतो, खारं पाणी वर सरकतं आणि काठावरची घाण समुद्राकडं न जाता तिथंच हेलकावत राहते.

हे आपल्याकडं मोजता येतं. मार्च ते मेचा दिवस निवडा, पावसाळ्यात खाडी गोडसर होते आणि फरक लपतो. भरतीची वेळ तिथीवरून काढा: तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ही मुंबईच्या समुद्राची वेळ. खाडीत आत आलं की पाणी उशिरा चढतं, म्हणून छापील भरतीचं वेळापत्रकही जवळ ठेवा. उधाणाचा दिवस, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, घेतला तर भरती-ओहोटीतला फरक ठळक मिळतो. भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तो जेमतेम दिसतो.

जागा जेट्टीची किंवा बांधीव काठाची हवी, गायमुख किंवा ऐरोलीकडची. चिखलावर उतरू नका, तो गुडघाभर ओढतो. कांदळवनात किंवा फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत पाणी घ्यायचं तर आधी कांदळवन कक्षाची परवानगी काढा. बादली दोरीनं सोडा, हातमोजे घाला, पाणी चाखू नका. एक नमुना पूर्ण भरतीला, दुसरा सुमारे सहा तासांनी ओहोटीला.

मीटर आधी घरी तपासा. एक लिटर आरओच्या पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवलं तर तो हजाराच्या आसपास, काही मीटरांवर थोडं जास्त दाखवतो. खाडीचं पाणी थेट मोजलं तर बहुतेक पेन-मीटर अडकतात, कारण त्यांची धाव ९९९०पर्यंत असते. ५० मिलिलिटर नमुन्यात ४५० मिलिलिटर आरओचं पाणी घाला आणि आकडा दहानं गुणा. अनेक मीटर ९९९च्या पुढं स्वतःच दहाची खूण दाखवतात, ती नजरेतून सुटली की ३००० ऐवजी ३०० लिहिलं जातं. सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात. तुलनेला दोन आकडे फळ्यावर ठेवा: भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत क्षार चालतात, दुसरा स्रोतच नसेल तर कमाल २०००. समुद्राचं पाणी ३५,०००. दोन्ही बाटल्या दोन तास स्थिर ठेवून तळाचा गाळ पट्टीनं मोजा. पर्सीच्या एका वाक्यातली दोन्ही टोकं, खारटपणा आणि गाळ, दोन बाटल्यांत समोर येतात.

स्मिथच्या काळात किल्ल्यात विहीर खोदली होती. गट विचारतोच, मग पाण्याचा प्रश्न मिटला नाही का? कोरड्या वर्षांत खाडीकाठच्या उथळ विहिरीत खारं पाणी झिरपतं. वेढ्याच्या महिन्यांत शेकडो माणसं त्याच कोंडलेल्या आवारात शौच करत, मरत आणि पुरली जात होती. विहीर ‘जमा’ म्हणून लिहा, शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा.

साक्षीदार तोलायचे

स्मिथ आणि पर्सी दोघंही स्वतःची बाजू मांडतात. स्मिथचा मोठा ग्रंथ १६२४चा आहे, घटनेनंतर पंधरा वर्षांनी लिहिलेला, आणि तो नसताना सगळं कोसळलं हे सांगण्यात त्याचा मान आहे. पर्सीनं त्यानंतर आपली हकिकत लिहिली, स्मिथला उत्तर म्हणून. दोघं ज्या गोष्टीवर एकमेकांविरुद्ध असूनही सहमत आहेत ती पक्की धरा. ज्यात लिहिणाऱ्याचाच फायदा आहे तिथं हाडं, झाडांची वलयं किंवा तिसऱ्याची नोंद मागा. नरमांसभक्षणाच्या नोंदी पूर्वी अतिशयोक्ती म्हणून बाजूला ठेवल्या जात. २०१२ मध्ये सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी आणि नडगीचं हाड सापडलं, त्यांवर मृत्यूनंतर केलेल्या घावांच्या खुणा होत्या, आणि २०१३ मध्ये स्मिथसोनियनच्या डग्लस औस्ली यांच्या तपासणीसह ते जाहीर झालं. शाळेच्या गटात हे सांगायचं तर वाक्यं एवढीच ठेवा. चित्रं दाखवू नका.

‘आळशी होते’ हा आरोपही तारखेनं तपासा. पहिल्या तुकड्यांत हातानं काम न केलेले उच्चकुलीन बरेच होते, आणि कंपनीला पिकाआधी सोनं, काच, लाकूड हवं होतं, हे खरं. पण हगवण लागलेला, खारं पाणी पिणारा, अर्ध्या शिध्यावरचा माणूस आळशीच दिसतो. शिधा कापण्याआधीची तक्रार कारणाच्या बाजूला लिहा, नंतरची लक्षणाच्या.

एकेक कारण काढून बघा

दुसऱ्या बैठकीत गटाचे पाच भाग करा. प्रत्येकानं एक कारण चार्टवरून पुसायचं आणि ८४ कोरे दिवस किती भरतात ते सांगायचं. दुष्काळ पुसला तर पाणी सुधारतं, पोव्हाटनकडं मकाही असतो, पण वेढा असल्यानं तो येत नाही. वेढा पुसला तर डुकरं, कालवं, पॉइंट कम्फर्टचे खेकडे सगळं उघडतं. सी व्हेंचर वेळेवर पोचलं असं धरलं तर हुकूम चालवणारा येतो, सोबत आणखी दीडशे तोंडंही येतात. ती मिळवायला गट हमखास विसरतो. उंदीर पुसले तर उन्हाळा बरा जातो, हिवाळ्याला फार फरक पडत नाही. ऑगस्टची माणसं आलीच नाहीत असं धरून शेवटचा हिशेब करा. बहुतेक गटांचं त्यावर आणि वेढ्यावर येऊन अडतं. या दोघांत पहिलं कोणतं यावर वाद होऊ द्या, मतदान घेऊ नका.

चार्ट बरोबर झाला का हे पुढच्या दोन नोंदींनी ताडून पाहा. मे १६१० मध्ये गेट्स बर्म्युडाहून आले तेव्हा सोबतच्या शिध्यातून माणशी रोज दोन रोट दिले तर सोळा दिवस निघतील असा हिशेब झाला, आणि ७ जूनला सगळ्यांनी वसाहत सोडली. नदीतच त्यांना नवे गव्हर्नर लॉर्ड डे ला वॉर यांच्या येण्याची खबर मिळाली. दीडशे माणसं आणि वर्षभराची सामग्री येत होती, म्हणून सगळे मागं वळले. तुमच्या चार्टवर जूनमध्ये कोठाराची ओळ पुन्हा सुरू होत असेल आणि देवघेवीची ओळ तशीच बंद असेल, तर नोंदी जुळल्या.

हाच चार्ट इंग्रजांच्या पुढच्या प्लिमथ वसाहतीसाठी वापरायचा असेल तर महिने नोव्हेंबर १६२० ते ऑक्टोबर १६२१ घ्या. १०२ प्रवासी, वसंतापर्यंत जवळपास निम्मे मेले. तिथं कोठाराच्या ओळीआधी थंडी आणि निवाऱ्याची ओळ घालावी लागेल, कारण ते हिवाळ्याच्या तोंडावर उतरले आणि आजाराचे बळी जास्त होते. गलबत एप्रिलपर्यंत किनाऱ्यालाच होतं, वेढा नव्हता, आणि देवघेवीची ओळ मार्च १६२१ मध्ये उघडते.